सामाईक विहीर

शुक्रवार, दिवस ११०४

सरकारी नोंदवहीत माझ्या वाट्याला चार रकाने आहेत: तारीख, पातळी, शेरा, सही. शेऱ्यात गेली तीन वर्षं मी 'नियमित' हा एकच शब्द लिहितोय. आज तो लिहिताना हात अडला. म्हणून ही वेगळी वही काढली. हिला सांगितलं तर म्हणाली, "लिहा की. निदान आंघोळ करताना आकडे पुटपुटणं तरी थांबेल."

आजची पातळी ४८.२. म्हणजे विहिरीच्या काठापासून पाणी इतके मीटर खाली आहे. आम्ही या ग्रहावर आलो तेव्हा एकोणीसवर होतं.

आमच्या मुलीला दिवस गेलेत. उद्या तिच्या बाळाने ही वही वाचलीच, तर त्याला अर्थ लागावा म्हणून थोडं लिहून ठेवतो. इथे पिण्याजोगं पाणी एकाच ठिकाणी आहे, या खोऱ्याच्या पोटात. आणि निळीही नेमकी याच खोऱ्यात. निळी म्हणजे निळसर माती. ती धुतली की तळाला जो धातू उरतो त्यावर जहाजं चालतात. त्यामुळे दोन सरकारांचा डोळा खोऱ्यावर. भांडून भांडून तह झाला. अर्धं खोरं आमचं, अर्धं पलीकडच्यांचं, मधे पांढऱ्या दगडांची रांग. खालचं पाणी मात्र रांग मारून वाटता येत नाही. म्हणून रांगेवर एक सामाईक विहीर आहे, तिच्यावर पत्र्याची खोली, खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. दर शुक्रवारी दोन्हीकडचा पंपवाला येतो, बाहेरच्या हवेत श्वासासाठी लागणारा मुखवटा खुंटीला अडकवतो, फीत सोडून पातळी मोजतो आणि दोघं एकाच वहीत सह्या करतात.

इकडचा पंपवाला मी. तिकडची एक बाई आहे, चाळिशीची, बोटांना कायम वंगण. ती मला दादा म्हणते, मी तिला ताई. आधी नुसतेच आकडे बोलायचो. आता कधी कधी आकडे विसरून बोलतो.


शुक्रवार, दिवस ११११

४८.८. आठवड्याला साठ सेंटिमीटर. आमच्या पंपाच्या नळीचं तोंड चौसष्टवर आहे, त्यांच्याही. मी ताईला म्हटलं, "पंचवीस आठवडे."

"चोवीस," ती म्हणाली. "तुमची फीत जुनी आहे दादा, ताणलीय."

"माझी फीत नाही ताणलेली. तुमच्या सरकारने मीटर आखूड केला असेल."

हसली. मग विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"

"तीनदा. तुम्ही?"

"चारदा. म्हणाले, आधी पलीकडच्यांना थांबायला सांग."

"आमचेही शब्दाला शब्द हेच म्हणाले."

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. तहात एक कलम आहे. जो सलग तीस दिवस निळी धुणार नाही त्याने आपला पट्टा, म्हणजे आपलं अर्धं खोरं, सोडलं असं धरायचं आणि तो दुसऱ्याला द्यायचा. म्हणून सण ना वार, दोन्हीकडची धुलाई चालू. आधी थांबेल तो गेला, आणि कुणीच थांबलं नाही तर सगळेच गेले. हे कळायला पंपवाला असावं लागत नाही. पण सही पंपवाल्याची असते.


रविवार, दिवस १११३

सुट्टी. हिने मुखवट्याच्या गाळण्या खोलीत दोरीवर वाळत घातल्यात. गाळण्या-कपड्यांच्या धुलाईघरात ती कामाला आहे; तिथे जागा पुरत नाही म्हणून काम घरी आणते. आमची खोली अशी की पलंगावर बसून हात लांबवला की शेगडी. दिव्याखाली तिने घेवड्याचे वेल लावलेत. पाणी मापून घालते, चमच्याने.

मुलीचं पत्र आलं. एकोणीस दिवस जुनं. डॉक्टर बाई बऱ्या आहेत म्हणते. ही पत्र तीनदा वाचून म्हणाली, "पहिलं बाळंतपण आणि आई नाही जवळ."

जहाजात परतीच्या जागांची यादी आहे. आमचा नंबर एकशे बारावा. जहाज तीन महिन्यांनी एकदा येतं आणि आठ जणांना नेतं. गणित मी हिच्यासमोर केलं नाही. तिला येतं.


बुधवार, दिवस १११६

चौथ्यांदा साहेबांकडे गेलो. आमचे साहेब म्हणजे या बाजूच्या वस्तीचे मुख्य. आमच्याहून तरुण, नेहमी नीट दाढी केलेले. या वेळी त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि पाऊण तास ऐकलं. आकडे त्यांना फारसे नको होते. ताईबद्दल विचारत होते. पंपाची किल्ली तिच्याकडेच असते का? बंद करायचा अधिकार तिचा की वरच्यांचा? तिचे मोठे साहेब तिचं ऐकतात का? तुमचा तिच्यावर विश्वास आहे का, आणि तिचा तुमच्यावर?

मी सगळं सांगितलं. त्यांचे मोठे साहेब म्हातारे आहेत, थकलेत, ताईचा शब्द खाली पडू देत नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी या प्रश्नाच्या मुळाशी जातंय याचं बरं वाटलं.

निघताना साहेब म्हणाले, "काकूंना म्हणावं, परतीच्या यादीचं मी बघतो."

घरी हिला सांगितलं. ती गाळण्या पिळत होती. म्हणाली, "तुमच्यासाठी चहा मागवला? दुसऱ्यांदाही विचारलं?"

"विचारलं."

"मग काहीतरी काम असेल."

हिचा स्वभावच संशयी. चांगल्याला चांगलं म्हणायला तिच्या जिवावर येतं.


सोमवार, दिवस ११२१

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमचं बरोबर आहे. दोन्हीकडच्यांनी एकाच दिवशी पंप बंद करायचे, चाळीस दिवस. पाणी वर आलं की मग कमी वेगाने धुवायचं. पण हे कागदावर नको. कागद राजधानीत गेला तर दोन्ही सरकारं नाही म्हणणार. तोंडी करायचं, माणसा-माणसांत.

मी कलमाचं विचारलं. ते म्हणाले, "दोघंही बंद असतील तर कोण कुणावर दावा करणार? चोराने चोराला पकडून द्यायचं का?"

पटलं. इतकं सोपं होतं आणि कुणाला सुचलं नव्हतं.

"हे तिला तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "माझ्या तोंडून गेलं तर राजकारण होईल. तुमच्या तोंडून गेलं तर शब्द होईल."

खोटं कशाला लिहू, छाती थोडी फुगली. आयुष्यभर पाना फिरवला, आज दोन सरकारांमधला शब्द व्हायचं भाग्य आलं.


शुक्रवार, दिवस ११२५

५०.०. ताईला सांगितलं. ती बराच वेळ फितीचं पितळी वजन हातात फिरवत राहिली.

"तीस दिवसांचं कलम?"

मी चोराचं वाक्य म्हटलं. तिने ते मनात घोळवलं असावं. मग म्हणाली, "दादा, एक विचारू? राग मानू नका. हे तुम्ही सांगताय की तुमचे साहेब?"

"मी सांगतोय."

"नक्की?"

"अहो, मीच मोजतो ना पाणी? मला काय हौस आहे खोटं बोलायची?"

खोटं नव्हतंच ते. मला मनापासून तसंच वाटत होतं. साहेबांचं नाव मधे आणलं असतं तर ती बिचकली असती आणि सगळं फिसकटलं असतं. चांगल्या कामात एवढं चालतं.

ती म्हणाली, मोठ्या साहेबांना विचारून पुढच्या शुक्रवारी सांगते.


शुक्रवार, दिवस ११३२

५०.६. हो म्हणाली. त्यांच्या मोठ्या साहेबांनी म्हणे दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला इथेच मरायचंय. तहानेने नाही मरायचं. कर बंद."

उद्या सकाळी आठला दोन्ही पंप बंद.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली. मग सांगितलं की आपलं यंत्र जुनं आहे, गंजून बसेल, म्हणून रोज दुपारी तासभर टाकीतल्या साठ्याचं पाणी घेऊन धुलाई फिरवून बघायची. विहिरीतून थेंबही काढायचा नाही. आणि रोज कामाच्या वहीत सही करायची.

मला रास्त वाटलं. विचारलं, "ताईलाही सांगू का? त्यांचंही यंत्र..."

"त्यांचं यंत्र ते बघतील. उगाच गुंता नको. आता कुठे जमतंय." मग कागद उलटत म्हणाले, "यादीचं झालंय बरं का. पुढच्या जहाजात तुमच्या दोन जागा. निजायच्या. काकूंचे गुडघे दुखतात ना?"

हिला सांगितल्यावर ती खाली बसली. पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "नातवंडाच्या बारशाला नाही तर निदान पहिल्या दाताला तरी पोचू."


शनिवार, दिवस ११३३

आठ वाजता बटण दाबलं. समोर, खोऱ्यापलीकडे, त्यांच्या धुलाईची वाफ पातळ झाली आणि थांबली. आमचीही.

तीन वर्षांत पहिल्यांदा इथला वारा ऐकला. तो पत्र्यांतून गुणगुणतो हे माहीतच नव्हतं. लोक दारात येऊन उभे होते. कुणीतरी म्हणालं, "कान बधिर झाले की काय?" शेजारची बाई नुसतीच रडली, कशासाठी ते तिलाही सांगता येईना.


शुक्रवार, दिवस ११४६

५०.१! मागच्या शुक्रवारी ५०.५ होती. दोनदा मोजलं. मग ताईने मोजलं. मग दोघांनी मिळून मोजलं. पाणी वर येतंय.

ताई म्हणाली, "दादा, तुमच्याकडे रोज दुपारी वाफ दिसते."

"यंत्र फिरवून बघतो. साठ्याच्या पाण्यावर. गंजू नये म्हणून."

"असं होय? मग मीही करायला हवं."

इथे मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हटलं, "तुमचं यंत्र नवं आहे ताई, त्याला काय धाड भरलीय?"

ती म्हणाली, "तेही खरं. साठ्याचं पाणी कशाला दवडायचं? पिण्यापुरतं तेवढंच आहे."

असं का बोललो? साहेब गुंता नको म्हणाले होते म्हणून. आणि त्यांच्याकडे साठाही कमीच आहे. म्हणजे मी बोललो ते त्यांच्या भल्याचंच होतं. घरी येईपर्यंत मी हे स्वतःला चार वेळा सांगितलं. एकदा पुरायला हवं होतं.


शुक्रवार, दिवस ११५३

४९.६. आज ताई आपल्या आईला घेऊन आली. म्हातारी शाळेत शिकवायची. आता डोळ्यांनी दिसत नाही आणि हृदयही अशक्त आहे. मुखवटा काढल्यावर बराच वेळ धापा टाकत होती. तिला पाणी वर येताना 'बघायचं' होतं.

मीही हिला घेऊन गेलो होतो. दोघी पहिल्यांदाच भेटल्या आणि पाच मिनिटांत गुडघ्यांवर आल्या. कुठल्या तेलाने उतार पडतो वगैरे. मधली पांढऱ्या दगडांची रांग दोघींच्याही लक्षात राहिली नाही.

म्हातारीच्या हातात फीत दिली. वजन खाली गेलं आणि पाण्याला टेकलं तसा एक छोटासा आवाज वर आला. 'डुब्' असा. म्हातारी म्हणाली, "परत." आम्ही पुन्हा सोडलं. "परत." सात वेळा.

मग तिने माझा हात चाचपडून धरला. "माझी मुलगी घरी म्हणाली, त्या दादांनी शब्द दिलाय म्हणून मी बंद केला. मी म्हटलं, पाण्यावर राहणारा माणूस शब्दाचा पक्का असतो."

परतताना ही माझा हात धरून चालली. दारापाशी म्हणाली, "अहो, जहाज कधी येणार म्हणालात?"

"अजून आठ आठवडे आहेत."

"धुलाईघरात तर म्हणत होते, एक जहाज दहा दिवसांतच येतंय. तहाचा निरीक्षक घेऊन."

धुलाईघरात काय, वाटेल ते बोलतात.


सोमवार, दिवस ११६३

निरीक्षकाचं जहाज आलं. आमचं परतीचं नाही.

आज तिसावा दिवस उलटून एकतिसावा.


मंगळवार, दिवस ११६४

जसं घडलं तसं लिहितो. सोयीचं करून लिहायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

विहिरीवरच्या त्याच खोलीत बैठक झाली. टेबलाशी निरीक्षक, दोन्ही सरकारांनी मिळून नेमलेला, जाड चष्म्याचा. एका बाजूला आमचे साहेब, दुसऱ्या बाजूला त्यांचे मोठे साहेब. भिंतीशी ताई आणि मी उभे. साहेबांनी कामाची वही पुढे सरकवली. पानावर तीस ओळी. 'धुलाई चालू. एक तास.' आणि पुढे माझी सही, तीस वेळा. मी ज्या पानावर सही करायचो त्यावर वर काय लिहिलेलं असतं ते मी कधी वाचलं नव्हतं. डोळे होते, दिवा होता, वाचता येतं. वाचलं नव्हतं.

निरीक्षकाने पलीकडच्यांना त्यांची वही मागितली. मोठे साहेब म्हणाले, "आमच्यात ठरलं होतं. दोघांनीही बंद ठेवायचं."

"कागद?"

"तोंडी."

"कुणाशी?"

मोठ्या साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "माझ्याशी कुणाचं काहीही ठरलेलं नाही. पंपवाले आपसात काय बोलतात ते मला माहीत नाही."

निरीक्षक मला म्हणाला, "ही सही तुमची?"

"हो, पण ते नुसतं यंत्र गंजू नये म्हणून..."

"निळी धुतली गेली का?"

"थोडीशी. साठ्याच्या..."

"धुतली गेली का? हो किंवा नाही."

त्या क्षणी मी काय म्हणू शकलो असतो, ते मला आता कितीतरी तऱ्हांनी सुचतंय. शब्द मी दिला होता, साहेबांच्या सांगण्यावरून दिला होता, हे खणखणीत सांगायला हवं होतं. लोक ऐकोत न ऐकोत. पण त्या निजायच्या दोन जागा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. हिचे गुडघे आले. मुलगी आली.

"हो," मी म्हणालो.

पुढचं दहा मिनिटांत आटोपलं. त्यांचा पट्टा आमचा. पंधरा दिवसांत वस्ती रिकामी करायची. ताई निघाली. मुखवटा चढवताना त्याचा बंद अडकला, मी मदतीला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, रागाने नाही, वाटेतली फांदी सारतात तसा.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि केस माझ्या डोक्याचा.


बुधवार, दिवस ११६५

हिला सगळं सांगितलं. ११४६ ला ताईला काय बोललो तेही. ती घेवड्याला पाणी घालत होती. चमचा खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"नव्हतं गं."

"थोडं कळलं होतं. पुरेसं कळलं होतं."

मी चमचा उचलून तिच्या हातात दिला.

आमचा पंप पुन्हा सुरू झाला.


शुक्रवार, दिवस ११७४

४९.३. ताई आली. तिला यायची गरज नव्हती. फीत घेतली, मोजलं, आकडा मोठ्याने म्हटला.

त्यांना न्यायला मालाचं जहाज येतंय, निळीची पोती न्यायचं. माणसांनी जमिनीवर बसून, दोरीला धरून जायचं. डॉक्टरने म्हातारीला तपासून सांगितलं की निजायची जागा असेल तर प्रवासात तगेल, एरवी नाही. मोठे साहेब जागेवरून हलायला तयार नाहीत, त्यांना उचलून नेणार आहेत.

मी म्हटलं, "ताई, आमच्या दोन जागा आहेत. निजायच्या. तुम्ही आणि आई घ्या. मी बोलतो."

तिने प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "हे तुम्ही सांगताय, की तुमचे साहेब?"

मी फीत गुंडाळायला लागलो.

"विचारून बघा," ती म्हणाली. "आईसाठी मी कुणाकडूनही घेईन."

तडक साहेबांकडे गेलो. ते मान हलवत म्हणाले, जागा नावावर असते, बदलता येत नाही. आणि आपल्या जहाजात पलीकडची माणसं? मी हात जोडले. पाया पडायलाही वाकलो, त्यांनीच धरलं. "काका, तुम्ही फार साधे आहात," ते म्हणाले. "म्हणूनच तुम्ही मला आवडता."


बुधवार, दिवस ११७९

ते गेले. एकशे चाळीस माणसं रांगेने मालाच्या फळीवरून चढली. ताईने आईला पाठुंगळी घेतलं होतं. आम्ही आमच्या बाजूच्या दगडांपाशी उभे होतो. हिने घेवड्याच्या शेंगा फडक्यात बांधून आणल्या होत्या. पहारेकऱ्याने पुढे जाऊ दिलं नाही. ती तशीच हात लांबवून उभी राहिली, फळी वर ओढेपर्यंत.


रविवार, दिवस ११९७

मालाच्या जहाजावर हमाली करणारा आमच्या जेवणघरात आला होता. मी विचारलं नव्हतं, तोच सांगत होता. जहाज वर चढताना एक आंधळी म्हातारी वारली. मुलीने वरच्या थांब्यावर पोचेपर्यंत कुणाला सांगितलंच नाही, मांडीवर घेऊन बसून राहिली. सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे प्रेत बाहेर सोडावं लागलं असतं.

ताट तसंच ठेवून उठलो.


सोमवार, दिवस ११९८

साहेबांकडे गेलो. आता दोन्ही पंप माझ्याकडे आहेत, रात्रंदिवस दुप्पट वेगाने चालतात. आठवड्याला साठ नाही, एकशे वीस सेंटिमीटर उतरतंय. म्हटलं, "साहेब, आता तरी वेग कमी करा. आता समोर कुणी नाही. आता कुणाची भीती?"

ते थकलेले दिसले. दाढी वाढली होती. राजधानीतून आलेला कागद त्यांनी माझ्यापुढे टाकला. पलीकडच्या सरकारने निकालावर दाद मागितलीय. सुनावणीला वर्ष लागेल. तोवर जेवढी निघेल तेवढी निळी काढून घ्या, पट्टा परत द्यावा लागला तर मोकळा द्यावा.

"आणि पाणी?"

"पाण्याबद्दल कागदात काही नाही."

"साहेब, तुम्हीही इथेच राहता."

"माझी बदली मागितलीय," ते म्हणाले. मग, हळू आवाजात, "मिळेल असं वाटत नाही."

त्यांची कीव यावी एवढंच बाकी होतं. तीही आली.


गुरुवार, दिवस १२०८

मुलीला मुलगी झाली. पत्र एकोणीस दिवस जुनं. दोघी सुखरूप आहेत.

आमचं जहाज उद्या सुटतंय. ही म्हणाली, "मी जाते. म्हातारीच्या जागेवर निजून जाते आहे, हे मला माहीत आहे. तरी जाते. माझं लेकरू आहे तिकडे."

"जा."

"तुम्ही?"

मी गेलो तर दोन्ही पंप आणखी कुणाच्या तरी हाती जातील, निदान माझ्या हाताने थोडे हळू चालवता येतील, असं काहीतरी बोललो. तिने ऐकून घेतलं. खरं कारण तिलाही कळलं असावं. त्या जागेवर मला पाठ टेकवता येणार नाही.


शुक्रवार, दिवस १२०९

५४.८. सकाळी हिला पोचवलं. गुडघे धरत धरत शिडी चढली. वरून म्हणाली, "गाळण्या दोरीवरच आहेत. विसरू नका."

जहाज दिसेनासं झाल्यावर तसाच पंपघरात गेलो. दोन्ही पंप बंद केले. किल्ल्या खिशात घातल्या, दाराला आतून कडी लावली आणि खाली बसलो. वाटलं होतं दार फोडतील, आरडाओरडा होईल, मला विचारतील तरी का म्हणून. मग मी सगळं सांगेन, मोठ्याने, वस्तीला ऐकू जाईल असं.

कुणी दारापर्यंत आलंच नाही. वीस मिनिटांनी दोन्ही पंप आपोआप सुरू झाले. मुख्य कार्यालयातूनही ते चालू करता येतात. गेल्या महिन्यात नवी तार ओढली म्हणे. मला सांगायचं राहून गेलं.


सोमवार, दिवस १२१२

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, काकू गेल्यामुळे तुमचं मन थाऱ्यावर नाही, थोडं हलकं काम करा. मला धुलाईघरात नेमलंय, हिच्या जागेवर. गाळण्या धुतो. पाणी मापून मिळतं.

घेवडा वाळला. मी चमच्याने घालत होतो, पण हिचं माप मला साधलं नाही.


शुक्रवार, दिवस १२१६

नवा पंपवाला आलाय, बदलीवर. तिशीचा, गोड बोलणारा. विहीर दाखवायला मला सोबत नेलं. आजची पातळी ५६.०. त्याला फीत कशी सोडायची ते दाखवलं, नळीचं तोंड चौसष्टवर आहे ते सांगितलं.

त्याने विचारलं, "मग किती दिवस चालेल हे, काका?"

"साडेसहा आठवडे."

त्याने बोटांवर मोजलं. चेहरा उजळला.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "माझा करार सहाच आठवड्यांचा आहे."